सातबाऱ्याबाहेरची जमीन : विस्थापनाच्या मराठी कथनाचा एक विचार

१

विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' ही कादंबरी १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. तेव्हापासून धरणग्रस्तांच्या प्रश्नाविषयीचे मराठी साहित्य म्हटले की या कादंबरीचा उल्लेख प्रथम होतो, आणि तो योग्यच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील नेर्ले येथे जन्मलेला आणि महसूल प्रशासनात अधिकारी म्हणून काम केलेला हा लेखक धरणाखाली जाणाऱ्या जांभळी या गावाची कहाणी सांगतो, तेव्हा तो दोन्ही बाजू आतून जाणतो. गाव उठते कसे हे त्याला ठाऊक आहे. आणि ज्या कागदाने ते उठवले जाते, तो कागद तयार कसा होतो हेही त्याला ठाऊक आहे.

या कादंबरीविषयीची चर्चा बहुधा एका परिचित वादात अडकते. तिच्यातील तपशिलांचा भार कलात्मकतेला मारक ठरतो, असे एक पक्ष म्हणतो. सामाजिक वास्तवाचे भान हेच तिचे कलामूल्य, असे दुसरा पक्ष म्हणतो. 'दस्तऐवजी' हे विशेषण एकाच्या लेखी दोष असते, दुसऱ्याच्या लेखी गुण. पण ही कादंबरी कोणत्या दस्तऐवजाच्या आधारे रचली गेली आहे, हा प्रश्न दोन्ही पक्ष विचारीत नाहीत. येथे तोच विचारावयाचा आहे. कारण प्रत्येक दस्तऐवज काही गोष्टी नोंदवितो आणि काही नोंदवीत नाही; आणि दस्तऐवजाच्या मर्यादा कथनाच्या मर्यादा झाल्या, तर त्या साहित्यकृतीच्या आशयाशी थेट निगडित असतात.

शीर्षकापासून प्रारंभ करता येईल. 'झाडाझडती' घेणे म्हणजे कसून तपासणे आणि त्याबरोबरच जाब विचारणे. शब्द अंमलदाराच्या भाषेतला आहे. पण कादंबरीत झडती अंमलदाराचीच घेतली जाते आणि शब्दाची दिशा उलटते. कीर्ती रामचंद्र यांनी केलेला या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्याचे नाव 'अ डर्ज फॉर द डॅम्ड' असे आहे. 'डर्ज' म्हणजे मृतासाठी गायिलेले शोकगीत. मराठी शीर्षक हिशेब मागते, इंग्रजी शीर्षक शोक करते. शोक करावयाचा तर जे गेले ते कायमचे गेले हे मान्य करावे लागते. हिशेब मागताना तसे मान्य करावे लागत नाही. मात्र हिशेब मागणाऱ्यालाही एक गोष्ट आधीच मान्य करावी लागते. ती म्हणजे, कशाचा हिशेब मागता येतो याविषयीचे कागदाचे नियम.

२

विस्थापनाच्या कथनाला एक तयार क्रम लाभलेला असतो. प्रथम अधिसूचना, मग मोजणी, मग निवाडा, मग मोबदला, मग स्थलांतर, मग नवे गावठाण, मग पर्यायी जमिनीसाठीचे हेलपाटे. हा क्रम कादंबरीकाराने कल्पिलेला नाही. तो भूसंपादनाच्या फाईलचा क्रम आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने तो घालून दिला आणि महाराष्ट्रात १९७६ च्या पुनर्वसन कायद्याने त्याला लाभक्षेत्रातील जमीनवाटपाचा पुढचा अध्याय जोडला. 'झाडाझडती'चे सामर्थ्य असे की, तिने हा रूक्ष क्रम माणसांच्या आयुष्याचा क्रम कसा होऊन बसतो ते दाखविले. लग्न, बाळंतपण, आजारपण, मृत्यू या सर्वांना कचेरीतील तारखांचा संदर्भ येतो. गावाचा काळ संपून फाईलचा काळ सुरू होणे, हा विस्थापनाचा मराठी साहित्यात क्वचितच इतक्या बारकाईने आलेला अनुभव आहे. बुडीतक्षेत्रातील माणसाला लाभक्षेत्रातील शेतकऱ्याच्या दारात जमीन मागत उभे राहावे लागते, तेव्हा शोषक आणि शोषित यांची सोपी विभागणी टिकत नाही. ज्याची जमीन कालव्याने भिजणार तोही शेतकरीच असतो. या गुंतागुंतीला ही कादंबरी बगल देत नाही.

परंतु फाईलचा काळ स्वीकारला की फाईलची नजरही अंशतः स्वीकारावी लागते. या नजरेचे केंद्र सातबारा हे आहे. गाव नमुना सात हा अधिकाराची नोंद करतो, गाव नमुना बारा पिकाची. ज्याचे नाव सातवर आहे त्याचे नुकसान मोजता येते. जे बारावर आहे त्याची किंमत ठरविता येते. दोन्हींत जे नाही, म्हणजे चराई, मध, हिरडा, शिकेकाई, रानातली वाट, देवराई, पाणवठा, ते प्रशासनाच्या दृष्टीने संपादित होत नाही; कारण ते कोणाचे नव्हतेच. 'झाडाझडती'तील संघर्षाचा कणा संपादित जमिनीच्या बदल्यात मिळावयाची जमीन हा आहे. त्या संघर्षातील अन्याय खरा आहे आणि त्याचे चित्रणही भेदक आहे. मात्र ज्यांच्या नावे संपादन करण्याजोगे काहीच नाही, त्यांना या कणाभोवती उभे राहण्यास जागा मिळत नाही. ही कादंबरीकाराच्या सहानुभूतीची उणीव नव्हे. त्याने स्वीकारलेल्या संघटनतत्त्वाचा तो परिणाम आहे.

शिक्षकाच्या व्यक्तिरेखेकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. जांभळीच्या कहाणीत खैरमोडे गुरुजींना महत्त्वाचे स्थान आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तही (१९५५) निवेदक शिक्षकच आहे. औंध संस्थानातल्या मेंढपाळांच्या वस्तीवर आलेला राजाराम सौंदणीकर तेथील जग पाहतो आणि दुष्काळाने ते विस्कटलेलेही पाहतो. दोन कादंबऱ्यांची प्रकृती सर्वस्वी भिन्न आहे; तरीही दोन्हींत अक्षर जाणणारा माणूस वस्ती आणि बाहेरचे जग यांच्या मध्ये उभा आहे. मराठी कादंबरीला निरक्षर समूहाकडे जाताना असा मध्यस्थ वारंवार लागतो. 'बनगरवाडी'त मध्यस्थ साक्षी असतो. विस्थापनाच्या कादंबरीत तो अर्ज लिहिणारा होतो. समूहाचे दुःख अर्जात मावेल तेवढेच पुढे सरकते.

३

हा प्रश्न विस्थापनाच्या आधुनिक इतिहासाइतकाच जुना आहे. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने मुळशी खोऱ्यात धरण बांधावयास घेतले तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांची नावे त्याच्याशी कायमची जोडली गेली. 'जान किंवा जमीन' ही त्या लढ्याची घोषणा होती. घोषणेत 'जमीन' हा एकच शब्द असला तरी त्याचे अर्थ एक नव्हते. जमिनीचा मोठा भाग ज्यांच्याकडे गहाण वा खरेदीने गेला होता, त्या सावकारांना जमीन म्हणजे तिची किंमत होती. किंमत वाढवून मिळताच त्यांचा प्रश्न सुटण्याजोगा होता. जो ती कसत होता त्याला किमतीचे काय करावयाचे हे माहीत नव्हते. १९२४ पर्यंत तो लढा संपला आणि धरण झाले. घोषणेतील 'जमीन' हा शब्द मात्र आपला दुहेरी अर्थ घेऊन पुढच्या प्रत्येक लढ्यात आला.

कोल्हापूरच्या संदर्भात या दुहेरीपणाला आणखी एक पदर आहे. येथे धरण हे केवळ सत्तेचे प्रतीक नाही. शाहू छत्रपतींनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलेले भोगावतीवरील राधानगरीचे धरण हे लोककल्याणकारी राज्यकर्तृत्वाची खूण म्हणून या जिल्ह्याच्या स्मृतीत रुजलेले आहे. पूर्वेकडील तालुक्यांतील ऊस, साखर कारखाने, सहकार आणि त्यातून उभी राहिलेली शिक्षणसंस्थांची परंपरा यांमागे पश्चिमेकडे अडविलेले पाणी आहे. त्या परंपरेतून मराठी ग्रामीण साहित्याचा एक समृद्ध प्रवाह निघाला. म्हणजे या परिसरातील लेखकाला धरणाविरुद्ध बोलताना आपल्याच ताटातील अन्नाविषयी बोलावे लागते. 'झाडाझडती'तील लाभक्षेत्र विरुद्ध बुडीतक्षेत्र हा ताण त्यामुळे केवळ कथावस्तूतला नाही, तो येथील वाङ्मयीन संस्कृतीच्या पोटातला आहे.

पश्चिमेकडे शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड या तालुक्यांच्या डोंगरमाथ्यांवर गवळी धनगरांचे वाडे आहेत. म्हशी राखणे, लोणी-तूप विकणे आणि डोंगरउतारावर फिरती शेती करून नाचणी-वरी पिकविणे, ही या समाजाची पूर्वापार जीवनरीत. कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या समाजाच्या परिसराशी असलेल्या नात्याची मांडणी केली. फिरत्या शेतीला ब्रिटिश अमदानीपासून वनखात्याचा विरोध राहिला. पुढे वारणेचे धरण झाले; त्याच्या वसंतसागर जलाशयाभोवतीचे रान १९८५ साली चांदोली अभयारण्य, २००४ साली राष्ट्रीय उद्यान आणि २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले. २०१२ साली चांदोली, कोयना, राधानगरी आणि कास यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. पाण्यासाठी एकदा आणि वाघासाठी पुन्हा, असे एकाच खोऱ्याला दोनदा उठावे लागले. प्रयोजन बदलले, 'विकास' जाऊन 'संवर्धन' आले. पण कोणाचे नाव कोणत्या नोंदवहीत आहे, हा प्रश्न बदलला नाही.

चांदोली परिसरातून उठलेल्या गावांचे लढे श्रमिक मुक्ती दलासारख्या संघटनांनी दीर्घकाळ चालविले आहेत. त्या लढ्यांना संकलन रजिस्टरातील नोंदींसाठी झगडावे लागते, आणि ते अपरिहार्य आहे. पोटाचा प्रश्न नोंदीवर अवलंबून असताना नोंदीची उपेक्षा कोणी करू शकत नाही. साहित्याला मात्र ही सक्ती नाही. म्हणूनच साहित्याने ती स्वतःवर लादून घेतली, तर त्याचा विचार समीक्षेने केला पाहिजे.

४

सातपुड्याकडे वळले असता हाच प्रश्न अधिक तीव्र रूपात समोर येतो. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातील ३३ गावे येत होती. अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील ही गावे आज नंदुरबार जिल्ह्यात आहेत. १९७९ च्या नर्मदा लवादाच्या निवाड्याने जमिनीच्या बदल्यात जमीन हे तत्त्व मान्य केले. परंतु तेथील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसत होती ती कागदोपत्री वनजमीन होती. आदिवासी तिला 'नेवाड' म्हणत. शासन तिला 'अतिक्रमण' म्हणे. एकाच भूमीसाठीचे हे दोन शब्द केवळ पर्यायी शब्द नव्हेत. त्यांतील प्रत्येक शब्द दुसऱ्याचे अस्तित्व नाकारतो. मणिबेलीपासून पुढे जो प्रतिकार झाला, तो मोबदल्याच्या रकमेसाठी नव्हता. 'अतिक्रमण' हा शब्दच तेथे नाकारला जात होता.

या नकाराला त्या समाजाच्या मौखिक परंपरेत आधार आहे. नर्मदाकाठच्या भिल्ल-भिलाला समाजात रात्रभर गायिला जाणारा 'गायणा' सृष्टीच्या उत्पत्तीची कथा सांगतो. अशा गायनात डोंगर, नदी आणि गाव यांची नावे येतात ती वर्णनासाठी नव्हे. नाव घेणे हीच तेथे नात्याची नोंद असते. लिखित अभिलेखाला समांतर असा हा एक अभिलेख आहे. फरक एवढाच की त्यात मालकाचा रकाना नाही.

आदिवासी कवितेचा मराठीतील प्रवेश या पार्श्वभूमीवर पाहावयास हवा. १९७९ साली भद्रावतीला पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. विनायक तुमराम यांचा 'गोंडवन पेटले आहे' आणि वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हे संग्रह १९८७ साली, तर भुजंग मेश्राम यांचा 'उलगुलान' १९९० साली आला. मेश्रामांनी शीर्षकासाठी बिरसा मुंडाच्या उठावाचा शब्द घेतला, तेव्हा गोंडवनातील अनुभव छोटा नागपूरच्या इतिहासाला जोडला गेला; मराठी वाङ्मयेतिहासाच्या सीमा या कवितेला आपल्या वाटत नाहीत, हे त्यातून सूचित झाले. मराठी समीक्षेने या कवितेचे स्वागत 'विद्रोह' या एका पदात आटोपले. दलित कवितेच्या वाचनातून घडलेले हे पद येथे पूर्णतः लागू पडत नाही. दलित कवितेला गावगाड्यातून नाकारलेली माणूसकी परत हवी आहे. आदिवासी कविता गावगाड्याच्या बाहेरच्या एका पूर्वसिद्ध जगाचे अस्तित्व सांगते. पहिली न्याय मागते, दुसरी आधी अस्तित्वाची ओळख मागते.

सोनवणे यांच्या 'स्टेज' या कवितेचा विशेष उल्लेख करावयास हवा. ज्यांचे दुःख सांगितले जात आहे त्यांना व्यासपीठावर बोलावलेच जात नाही; व्यासपीठावरचे लोक त्यांचे दुःख त्यांनाच ऐकवतात. ही तक्रार केवळ पुढाऱ्यांविरुद्ध नाही. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) सारख्या, वारल्यांच्या लढ्यात स्वतः उतरून लिहिलेल्या, अस्सल ग्रंथापासून ते सहानुभूतीने लिहिलेल्या प्रत्येक कादंबरीपर्यंत मराठीतील सर्व प्रतिनिधित्वाला ती लागू होते. अर्ज लिहून देणाऱ्या गुरुजींनाही ती लागू होते आणि हे सर्व वाचून वर्गवारी करणाऱ्या समीक्षेलाही.

५

तर मग सातबाऱ्याबाहेरच्या जमिनीचे कथन मराठी कादंबरीला शक्यच नाही का? या प्रश्नाचे उत्तर कोल्हापूरच्याच मातीत, पण वेगळ्या कप्प्यात ठेवलेले आहे. कागलच्या आनंद यादवांची 'गोतावळा' ही कादंबरी १९७१ साली प्रसिद्ध झाली. तिची चर्चा यांत्रिकीकरण, ग्रामजीवनातील स्थित्यंतर आणि बोलीचा वापर या मुद्द्यांभोवती होत आली आहे. विस्थापनाची कादंबरी म्हणून ती वाचली जात नाही, कारण तिच्यात ना धरण आहे, ना अधिसूचना, ना मोबदला. परंतु नारबाची स्थिती काय आहे? तो भूमिहीन शेतगडी आहे. ज्या मळ्यात त्याचे आयुष्य गेले तो मळा मालकाचा. जी जनावरे त्याने जपली तीही मालकाची. ट्रॅक्टर येतो आणि जनावरे जातात. कायद्याच्या दृष्टीने नारबाचे काहीही गेलेले नाही. कोणताही निवाडा त्याला मोबदल्यास पात्र ठरविणार नाही. आणि तरीही या कादंबरीत जे घडते ते संपूर्ण विस्थापन आहे; माणूस जागचा न हलता त्याचे जग उठून जाते.

यादवांनी ही हानी सिद्ध केली ती कागदाशिवाय. नारबा स्वतःच्या बोलीत बोलतो. मध्यस्थ नाही, अर्ज नाही. काळ फाईलचा नाही, ऋतूंचा आणि जनावरांच्या आयुष्याचा आहे. मालकीच्या जागी 'गोतावळा' हा नातेवाचक शब्द आहे. जमिनीवरचा हक्क मालकीतूनच येतो हे गृहीतक ही कादंबरी वाद न घालता निष्प्रभ करते. निवेदनतंत्र, भाषा आणि काळाची रचना या तिन्ही बाबतींत ती 'झाडाझडती'च्या विरुद्ध टोकाला आहे. तिची मर्यादाही येथेच आहे. नारबाच्या जगाला बाहेरच्या सत्तेचे रूप दिसत नाही. ट्रॅक्टर कोणत्या अर्थव्यवस्थेतून आला, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. 'झाडाझडती'ला सत्ता दिसते, पण कागदाबाहेरचे नाते दिसत नाही; 'गोतावळा'ला नाते दिसते, पण सत्ता दिसत नाही. रानावर जगणाऱ्या समूहांच्या कथनाला ही दोन्ही सामर्थ्ये एकत्र हवीत. धनगरवाड्यावरच्या माणसाला आपली म्हैस नावानिशी ठाऊक असते आणि वनरक्षकाच्या वहीत आपले नाव कशासाठी लिहिले जाते हेही ठाऊक असते.

'ग्रामीण', 'आदिवासी' आणि 'धरणग्रस्तांचे' असे तीन कप्पे समीक्षेने केल्यामुळे या कृती एकमेकींशेजारी वाचल्या गेल्या नाहीत. वर्गीकरणाची ही सवय निरुपद्रवी नाही. गवळी धनगर महाराष्ट्रात अनुसूचित जमातींत मोडत नाहीत. त्यामुळे 'आदिवासी साहित्य' या कप्प्यात त्यांना जागा नाही. गावगाड्यात ते वस्ती करीत नाहीत. म्हणून 'ग्रामीण'मध्येही ते कडेला राहतात. शासनाच्या याद्यांतून जो निसटतो तोच वाङ्मयप्रकारांच्या याद्यांतूनही निसटावा, हा योगायोग मानता येणार नाही.

आणि हा प्रश्न आता केवळ वाङ्मयीन राहिलेला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने अनुसूचित जमातींबरोबर 'इतर पारंपरिक वननिवासी' ही कोटी मान्य केली. मात्र तिच्यात येण्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करण्याची अट घातली. ज्यांना नोंदवहीने कधी पाहिलेच नाही त्यांनी पाऊण शतकाची नोंद आणावी, अशी ही मागणी आहे. त्याच कायद्याखालील २००८ च्या नियमांनी पुराव्याची कल्पना मात्र रुंदावली. घरे, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांसारख्या खुणा, वंशावळी आणि दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्या माणसाचे लिहून घेतलेले कथन, हेही पुरावे म्हणून ग्राह्य ठरले. एकाहून अधिक पुरावे लागतात, म्हणजे म्हाताऱ्याच्या शब्दावर सारे अवलंबून नाही. पण त्या शब्दाला प्रथमच कागदाशेजारी बसता आले.

म्हाताऱ्याचे हे कथन कसे असते? ते 'गायण्या'सारखे नावांनी भरलेले आणि नारबाच्या बोलण्यासारखे जनावरांच्या आयुष्यांनी मोजलेले असते. अमुक साल त्यात येत नाही. अमुक म्हैस व्याली तो पावसाळा येतो. ते लिहून घेणाऱ्याने सालाचा आग्रह धरला, तर कथन तुटते. पावसाळा तसाच ठेवला, तर कचेरी तो वाचू शकत नाही. हा पेच लिहून घेणाऱ्या कारकुनाचा आहे, तसाच तो कादंबरीकाराचाही आहे. अशा कथनातील काळ आणि नाते ऐकण्याची सवय मराठी समीक्षेने 'गोतावळा' वाचून एकदा लावून घेतली होती. ती तिने बोलीच्या चर्चेपुरती ठेवली. 'झाडाझडती'ने कागदाला जाब विचारला. कागदावर जे आलेच नाही त्याच्या वतीने जाब विचारणे अद्याप बाकी आहे, आणि त्यासाठी आधी ते ऐकू यावे लागेल.